एका पानावर मुंज आणि दहावा

पंचवटीतले आमचे शेजारी दिवाकर गुरुजी तसे मोकळ्या स्वभावाचे, पण मंगल-अमंगलाच्या बाबतीत फार कडक. मुंजीची पिशवी वेगळी, दहाव्याची वेगळी, आणि दोन्ही कधी एका खुंटीला लागत नाहीत. लग्नघरात बसलेले असताना कुणाचा दहाव्यासाठी फोन आला तर 'हो हो, ते दुसरं काम ना, संध्याकाळी बोलू' म्हणून ठेवून देतात. समोरच्याला कळतं. इतकी वर्षं यजमानांना कळत आलं, म्हणून गुरुजींची समजूत अशी की ते सगळ्या जगालाच कळतं.

गेल्या वर्षी घाटावरच्या तरुण गुरुजींच्या वेबसाइट झाल्या आणि आमच्या गुरुजींना धास्ती बसली. कमाईची नव्हे. वडिलांपासून चालत आलेल्या यजमानांची पोरं आता मोबाइलवर गुरुजी शोधतात, ती आपल्याला विसरतील याची. मुलगी सई पुण्यात वेबसाइटचंच काम करते, त्यामुळे मामला घरातला होता. ती म्हणाली, सगळं एकाच पानावर ठेवू, माणूस बोटाने सरकवत जाईल आणि त्याला हवं ते सापडेल. गुरुजींनी विचारलं, लग्नाच्या खाली काय? मुंज. मुंजीच्या खाली? वास्तुशांत. आणि तिच्या खाली? सई 'दहावा' म्हणाली आणि गुरुजींनी हातातला चहा खाली ठेवला. मुलीचा मुहूर्त बघणाऱ्या बापाचं बोट घसरून पिंडदानावर जाईल, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला.

मग वेगवेगळी पानं करायचं ठरलं. पहिल्या पानावर उपरणं घेतलेले हसरे गुरुजी आणि मागे मांडव. दहावा, तेरावा, श्राद्ध सगळं मागच्या पानावर. तिथे नेणाऱ्या बटणावरही तो शब्द त्यांनी येऊ दिला नाही, 'इतर विधी' लिहायला लावलं. लोकांना यातून काय कळणार, असं सईने सांगून पाहिलं, पण बाप आणि गिऱ्हाईक एकच असल्यावर भांडणार तरी किती? गुरुजी मात्र खूश. भाजी आणायला निघालेल्या माणसाला अडवून ते मोबाइल दाखवत. मलाही कितीदा दाखवला, आणि दरवेळी मांडवच दाखवला.

पुढे एका सकाळी मी त्यांच्याबरोबर रामकुंडावर गेलो होतो. तिथे मनमाडचा संतोष मुंडण करून बसलेला दिसला. त्याचे वडील निवृत्तीअण्णा रेल्वेत होते. त्या घरातलं प्रत्येक कार्य गुरुजींनी नाहीतर गुरुजींच्या वडिलांनी केलेलं. अण्णा गेले हे गुरुजींना तिथेच कळलं, आणि संतोषसमोर दुसरेच गुरुजी बसले होते. आमचे गुरुजी विधी संपेपर्यंत बाजूला उभे राहिले.

संतोषने येऊन पाय धरले. "गुरुजी, आधी तुमचीच वेबसाइट उघडली," तो खाली मान घालून म्हणाला. "लग्न-मुंजच दिसली. म्हटलं, तुम्ही आता दहाव्याचं करत नाही. अण्णा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते."

गुरुजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आईची चौकशी केली. घरी परतताना एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता, पण त्या दिवशी त्यांचं तोंड बघून तो मनातच ठेवला.

घरी येताच त्यांनी सईला फोन लावला आणि सगळं एका पानावर घ्यायला सांगितलं. लग्नाखाली मुंज, मुंजीखाली वास्तुशांत, आणि दहावा सगळ्यांच्या वर. गुरुजींच्या पत्नी गोदावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. उघडल्या उघडल्या दहावा दिसला तर मुंजीला कोण बोलावणार, हा त्यांचा सवाल काही चुकीचा नव्हता.

"ज्याच्या घरी मुंज आहे त्याला खाली जाऊन शोधायला उत्साह असतो," गुरुजी म्हणाले. "ज्याचा बाप गेलाय, त्याला मी शोधायला लावलं."