विहिरीचे बिंदू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ताही तुम्हाला सांगताना आधी दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटतंय — माझ्या कामाबद्दल, वगैरे.

रायपूरला पंडरीत आमचं छोटं ऑफिस आहे. सर्वेवाले जागेवर मशीन लावून एकेक बिंदू मोजतात. ते आकडे तक्त्यात माझ्याकडे येतात आणि मी त्यांचा संगणकावर, कॅडमध्ये नकाशा करते. नुसत्या आकड्यांतून कुंपण, रस्ता, झाड दिसायला लागतं. पण मी दाखवीन तेवढंच पुढच्याला दिसतं — याची भीती मला तेव्हा कुठे होती?

मोजणीला मेश्राम काका जायचे. बाबांचे मित्र. ही नोकरी त्यांनीच मला लावून दिली. सिलतऱ्याकडे एका शेडसाठी जागा मोजायची होती, ती त्यांनी भर उन्हात मोजली. तिथे झुडपांत एक जुनी, कठडा नसलेली विहीर होती. तिचे बिंदू बाकीच्या अक्षरांवर चढत होते, नकाशा गिचमिड दिसत होता. म्हणून मी विहिरीचा लेयर बंद केला, म्हणजे नकाशात ती दिसेनाशी केली. प्रिंटपुरताच — आणि मग चालू करायचा राहिला. नकाशा तसाच गेला.

खोदकामाचं मशीन त्या विहिरीत कलंडलं. ड्रायव्हर वाचला. पाय मात्र कायमचा अधू झाला.

साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, कुएँ के पॉइंट आए थे कि नहीं?"

"घेतले होते न म्या," काका म्हणाले. "असतीन तिच्याकडे." ते घाबरले नव्हते. मी खरं सांगेन, याची त्यांना खात्रीच होती.

आणि मी — मी म्हणाले, "नहीं आए थे, सर."

नोकरीसाठी? हो. पोलीस येतील म्हणून? तेही. तक्ता उघडून दाखव, असं कुणी म्हटलं नाही. माझ्या शब्दावर काकांचं काम गेलं.

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर — पण त्यांनी तो स्वतःवर घेतला. आपणच विसरलो, असं त्यांना वाटू लागलं. ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्यांनी हात जोडले. काकू सांगतात, आता गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, पुन्हा पुन्हा उठून पाहतात.

मागच्या महिन्यात मी पुरानी बस्तीत त्यांच्याकडे गेले होते. त्यांच्या मुलानं त्यांच्यासाठी एक लहानशी मोजणी आणली होती. तो मनवत होता, काका मान हलवत होते.

"नाही रे. मले माह्यावरच भरोसा नाही राहिला. एका माणसाचा पाय गेला माह्या पायी." मग माझ्याकडे वळले. "तूच सांग न याले, पोट्टी."

मुलगाही माझ्याकडे पाहू लागला.

मी म्हणाले, "हव काका. आता आराम करा."