दीपस्तंभाच्या शाळेचं निरीक्षण

सौसरच्या मोरेश्वर कळंबे गुरुजींना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. नोकरीची पहिली सत्तावीस वर्षं त्यांनी लोधीखेड्याच्या आसपासच्या शाळांत शिकवलं आणि शेवटची नऊ वर्षं ते जनशिक्षक होते. जनशिक्षकाने पंधरा-वीस शाळांवर फटफटीने फिरायचं, हजेरीपट उघडायचा, मुलांना सतराचा पाढा विचारायचा, मध्यान्ह भोजनाची डाळ पळीने उचलून तिच्यात डाळ आहे का ते पाहायचं आणि निघताना टिप्पणी लिहायची. फटफटी विकली गेली, पण पाहण्याची सवय राहिली. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते आधी वाढप्याला विचारत, "पाणी कोणाकडे आहे?" आणि नाव सांगितल्याशिवाय पानाला हात लावत नसत. छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा लोकांनी फटाके फोडले. गुरुजींनी घरातले सगळे दाखले काढून कोणकोणत्या कागदावर अजून छिंदवाडा लिहिलेलं आहे त्याची यादी केली.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम मनापासून केलं. दर हिवाळ्यात सकाळी सहा वाजता त्यांच्या अंगणात पाचवीची दहा-बारा पोरं बसत आणि गुरुजी त्यांची सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेची तयारी करून घेत. शाळा वर सातपुड्यात, बसने चार तासांवर. निवड झाली की सहावीपासून मुक्काम तिथेच. आतापर्यंत गुरुजींची अठरा मुलं तिथे लागली होती. निवड झाल्यावर आईबाप हमखास डगमगत, आणि मग गुरुजी त्यांच्या घरी जात. चहा न घेता बोलत. "पोरगी शिकाले चालली, लढाईवर नाही," असं सुरू होऊन ते भाषण पंधरा मिनिटं चाले, आणि सोळाव्या मिनिटाला बाप फॉर्मवर सही करत असे.

या वर्षी एकोणिसावी निवड झाली. ती त्यांच्या नातीची, हिमानीची.

पेढे वाटले गेले. शाळेचा फॉर्म आला. हिमानीचा बाप कुलदीप पांढुर्ण्याला वीज विभागात होता, रोज जाऊन-येऊन करायचा. त्याची हरकत नव्हती. आई अमिता अंगणवाडी सांभाळायची, तिचीही नव्हती. पण कळंब्यांच्या घरात कोणत्याही कागदावर पहिली सही गुरुजींची, मग बाकीच्यांची, असा रिवाज होता, आणि फॉर्म आठ दिवसांपासून गुरुजींच्या टेबलावर काचेखाली पडून होता. शनिवार शेवटची तारीख होती.

"मामाजी, सही राहिली फॉर्मवर," अमिता सासऱ्यांना म्हणाली.

"पाहून राहिलो."

"आठ दिवस झाले पाहून राहिले तुम्ही. त्याच्यात काही नवीन उगवून नाही राहिलं."

गुरुजींनी पहिल्यांदा फोटोवर हरकत घेतली, त्यात हिमानीचा एक कान दिसत नव्हता. नवा फोटो आला. मग रहिवासी दाखल्यावर जुना जिल्हा निघाला. कुलदीपने दोन दिवस तहसिलीत जाऊन नवा आणला. मग गुरुजी म्हणाले, की डॉक्टरच्या दाखल्यावरचा शिक्का फिका वाटतो. अमिताने तो दाखला उजेडात धरून त्यांना दाखवला आणि परत काचेखाली ठेवला.

बुधवारी शेजारचे पुंडलिकराव आले. त्यांची संत्र्याची बाग बोरगावच्या रस्त्यावर होती आणि त्यांची नात प्रज्ञा गुरुजींच्या अठरा मुलांपैकी सातवी.

"गुरुजी, माझ्या प्रज्ञीच्या वेळेस मी दोनच दिवस मागंपुढं केलं होतं," पुंडलिकराव खुर्ची ओढत म्हणाले. "तं तुम्ही बगीच्यात येऊन मले गड्यांसमोर झापलं. म्हणे, झाडाले कलम करता तेव्हा रडता का?"

"म्हटलं असंन."

"म्हटलं असंन नाही, म्हटलंच. आता तुमचं कलम काहून अडलं?"

"हवा पाहून राहिलो," गुरुजी म्हणाले.

"हवा चांगली आहे," पुंडलिकराव म्हणाले आणि चहा प्यायला आत वळले. या घरात त्यांना चहा विचारावा लागत नसे.

हिमानी हे सगळं ऐकत होती. अकरा वर्षांची ही मुलगी फार बोलत नसे आणि ज्या वहीवर लिहायचं तिला आधी समास आखत असे. आपण जाणार की नाही, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. गुरुवारी दुपारी तिने कूलरमध्ये पाणी भरलं, गुरुजींची खुर्ची टीव्हीसमोर सरकवली आणि म्हणाली, "आबाजी, निवासी शाळेचा सिनेमा आहे. पाहा."

गुरुजींनी आयुष्यात एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. मध्यंतरात ते उठून थिएटरचा मागचा दरवाजा उघडा आहे की बंद ते पाहायला जात आणि तिथेच कोणाशी तरी बोलत राहत. पण निवासी शाळा म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि सवयीने डायरीही घेतली.

सिनेमा परदेशी होता, हिंदीत बोलत होता. धुक्याने भरलेल्या समुद्रात एक बेट, बेटावर अकरा मजली दीपस्तंभ आणि त्या दीपस्तंभात जादू शिकवायची शाळा. ज्या मुलाची निवड होते त्याच्या दारातला कंदील एका संध्याकाळी आपोआप पेटतो. गोष्टीतल्या मर्ला नावाच्या मुलीच्या दारातही पेटला.

"झाली तिची निवड," हिमानी म्हणाली.

"परीक्षा कधी झाली?"

"परीक्षा नसते, आबाजी. कंदील लागतो."

"अन् प्रतीक्षा यादी?"

"नसते."

गुरुजींनी लिहिलं. मर्ला एकटीच नावेत बसून बेटावर गेली. तिच्या हातात एक पेटी होती आणि कागद एकही नव्हता. सरकारी ओळखीच्या समग्र आयडीशिवाय हिचं नाव हजेरीपटावर चढवलं कसं, असं गुरुजींनी विचारलं. हिमानीने आवाज दोन काड्यांनी वाढवला.

वर्ग सुरू झाले. एका तासाला ढग वळायला शिकवत होते, दुसऱ्या तासाला दगडांशी बोलायला. प्रत्येक मुलाला जादूची छडी मिळाली. गुरुजी खुर्चीत पुढे सरकले.

"छड्या पोट्ट्यांच्या हातात? अन् मास्तर रिकाम्या हातानं?"

"छडीशिवाय जादू होत नाही."

"आमच्या वेळेसही असंच म्हणत. पण ती आमच्या हातात राहे."

मुख्याध्यापिका म्हातारी, करारी बाई होती, गुरुजींना ती पाहताक्षणी पटली. पण भर प्रार्थनेत तिचा बगळा झाला आणि ती खिडकीतून उडून गेली. रजेचा अर्ज नाही, प्रभार कोणाला दिला त्याची नोंद नाही. अकरा मजल्यांच्या जिन्याला कठडा नव्हता, शिवाय संध्याकाळनंतर त्याची एक पायरी गायब व्हायची, रोज वेगळी. गणिताला मास्तरच नव्हता. गुरुजींची लेखणी थांबत नव्हती. निवृत्तीनंतर इतकी बरी दुपार त्यांना मिळाली नव्हती.

मग वसतिगृह दाखवलं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना कॉट. मर्ला भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि उशी तोंडात धरून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला. लावला तेव्हा मुलं समुद्रावर ढग हाकत होती. पुढे मर्लाने बेट वाचवलं, मोठं युद्ध झालं, बगळा परत बाई झाला. त्या भागावर गुरुजींनी काहीच लिहिलं नाही.

सिनेमा संपला आणि हिमानी खेळायला गेली. गुरुजी टेबलाशी बसले आणि त्यांनी डायरीतल्या नोंदी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या. अमिता आली तर तिला दाखवायला कागद हवा होता. निवासी शाळा म्हणजे काय प्रकार असतो, हे आपण तोंडाने सांगितलं तर कोणी मानणार नाही, लिहून दाखवलं तर मानेल, असा त्यांचा हिशेब. शाळा खोटी होती, हे त्यांच्या ध्यानात होतं. पण त्रुटी खऱ्या होत्या.

शेवटच्या दोन नोंदी अशा होत्या: नवीन विद्यार्थिनी वसतिगृहात रडत असताना तिच्याजवळ कोणीही आले नाही. संपूर्ण सत्रात पालकांची भेट एकदाही झालेली आढळली नाही.

खाली त्यांनी सही केली. आणि सहीच्या वर, नऊ वर्षं प्रत्येक टिप्पणीखाली जे वाक्य लिहिलं होतं ते हाताने आपोआप लिहून टाकलं: 'वरील त्रुटींबाबत सात दिवसांत पालन प्रतिवेदन सादर करावे.' म्हणजे दोष दाखवले आहेत, आता ते कसे दूर केले ते लेखी कळवा. कागद त्यांनी काचेखाली, फॉर्मच्या वरती ठेवला, म्हणजे फॉर्म मागायला येणाऱ्याला आधी तो दिसेल.

शुक्रवारी सकाळी गुरुजी पेपर वाचायला बसले तर पेपरवर दोन पानं ठेवलेली होती. समास आखलेला होता.

'प्रति, श्रीमान निरीक्षक महोदय, सौसर. विषय: पालन प्रतिवेदन सादर करण्याबाबत. महोदय, आपण सात दिवस दिले होते, पण उद्या शनिवार असल्यामुळे एका दिवसात सादर करत आहे.

'गणिताचा शिक्षक नाही. याबाबत सादर आहे, की मी जाणार त्या शाळेत दोन आहेत. प्रज्ञाताईला फोन करून खात्री केली. एक चिडके आहेत.

'जिन्याला कठडा नाही. मुलींचं वसतिगृह खालच्याच मजल्यावर आहे. जिना नाही.

'मुख्याध्यापिका वारंवार बगळा होतात. तिथे सर आहेत. प्रज्ञाताई म्हणते, की ते कुठे जात नाहीत, गेले तर बरं होईल.

'छड्यांबाबत. तिथे कोणाच्याच हातात नसतात.'

गुरुजींनी पान उलटलं.

'पालकांची भेट झाली नाही. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी भेट असते. बस सकाळी साडेसहाला सौसरहून निघते. आपण रोज पाचला उठता, त्यामुळे अडचण येऊ नये.

'नवीन विद्यार्थिनी रडत असताना तिच्याजवळ कोणीही आले नाही. ही नोंद बरोबर नाही. शेजारच्या कॉटवरची मुलगी उठून येते आणि तिला आपल्या पांघरुणात घेते. तेव्हा आपण चष्मा पुसत होता. सिनेमा पुन्हा लावून दाखवता येईल. मलाही रडू येईल असं वाटतं. पण शेजारी कॉट असते.

'तरी वरील त्रुटी नस्तीबद्ध कराव्यात, ही विनंती.'

नस्तीबद्ध म्हणजे उत्तर पटलं, विषय संपला, फाइल बांधा. हा शब्द तिने टेबलाच्या खणातल्या जुन्या कागदांवरून उचलला होता.

गुरुजींनी दोन्ही पानं पुन्हा वाचली, या वेळी लाल पेन हातात घेऊन. चुकीच्या उत्तराला त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती, आणि बरोबर उत्तर आलं की त्यावर उगाच नवी हरकत काढणाऱ्या अधिकाऱ्यांना ते नोकरीभर नावं ठेवत आले होते. एकाही मुद्द्यावर त्यांना लाल रेघ मारायला जागा सापडली नाही. चष्मा पुसण्याच्या मुद्द्यावर ते बराच वेळ थांबले.

"अमिता," त्यांनी हाक मारली, "त्या सिनेमात दुसरी पोरगी येते का गं, कॉटवरची?"

"येते ना," अमिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी आतून आले तेव्हा तेच चालू होतं. तुम्ही धोतरानं काच घासून राहिले होते. मी म्हटलं, मामाजींच्या डोळ्यात काही गेलं वाटते."

"कूलरचं पाणी उडून राहिलं होतं."

"कूलर तुमच्या मागं होता, मामाजी."

गुरुजींनी पान पुढ्यात ओढलं. त्यांनी दुसऱ्या पानाच्या समासात लिहिलं, 'पालन समाधानकारक. नस्तीबद्ध.' खाली लपेटदार सही केली. मग काच उचलली आणि फॉर्म बाहेर काढला. आठ दिवसांत त्यांनी तो इतक्या वेळा वाचला होता, की सही कुठे करायची ते न पाहताही सापडलं. तरी त्यांनी ती जागा बोटाने एकदा चाचपली.

हिमानी दारात उभी होती, किती वेळापासून ते सांगणं कठीण. गुरुजींनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, फोटो पाहिला, दाखले मोजले, शेवटच्या पानावर आली आणि परत त्यांच्याकडे दिला.

"तारीख राहिली, आबाजी."

"टाकून राहिलो," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी टोपण पुन्हा उघडलं.