बेसमेंटमधली न शिवलेली ब्लाउजं

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेमधल्या एका टाउनहाउसमध्ये यतीन कारखानीस एकटे राहतात. वय सत्तावन्न. मूळचे पुण्याचे. एका विमा कंपनीचे डेटाबेस ते घरून सांभाळतात. दिवसभरात त्यांचं जे बोलणं होतं ते हेडफोनवर, आणि तेही बहुतेक सर्व्हरविषयी.

पत्नी रेणू आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती. गुडघा बरा झाला. रेणू परत आली नाही. भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं. "तिथे मला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही," एवढंच तिने एकदा फोनवर सांगितलं. आता ती कोथरूडमध्ये शिवणाचे क्लास घेते.

तिथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं की यतीन सांगत, "येईल. दिवाळीनंतर." तशा दोन दिवाळ्या होऊन गेल्या. तरी बायका ऐकून घेत, कारण रेणू आजूबाजूच्या गावांतल्या मराठी बायकांची ब्लाउजं शिवायची, आणि बऱ्याच जणींची कापडं अजून तिच्याकडेच होती. कापड परत मागायचं म्हणजे ती येणार नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं. त्यामुळे कोणी मागत नव्हतं.

बेसमेंटमध्ये तिचं मशीन होतं आणि चिंध्यांच्या पिशव्या. गावच्या लायब्ररीत क्विल्ट करणाऱ्या बायकांचा एक गट भरतो असं कळलं, तेव्हा यतीन दोन पिशव्या घेऊन गेले. चिंध्या कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात, इतकाच हेतू. गट चालवणारी लोरेन ही निवृत्त शाळामास्तरीण. तिने पिशवीत हात घातला, एक जरीचा तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, "आम्ही देणगी घेत नाही. बसायचं असेल तर बसा."

ते बसले.

गटाचे नियम थोडे आहेत. दर दोन महिन्यांनी एक विषय. कापड नवीन आणायचं नाही, उरलंसुरलंच वापरायचं. आकार उशीच्या अभ्र्याएवढा. ठरलेल्या शनिवारी सगळ्यांनी आपलं काम झाकून आणायचं आणि एकदम उघडायचं. मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामातली एकच गोष्ट सांगायची, आपण चोरू अशी. बाकी कौतुक करायचं नाही.

यतीनना आजीची गोधडी माहीत होती. भिंतीवर टांगायची गोधडी ही कल्पना नवीन होती. पण सरळ शिवण त्यांना पटकन जमली. 'भूक' या विषयावर त्यांनी अस्तराच्या पांढऱ्या तुकड्यांचं एक ताट केलं, रिकामं. 'शेजारी' या विषयावर बावीस खिडक्या केल्या, सगळ्या बंद. "तुमच्याकडे रंगाची एवढी श्रीमंती आणि तुम्ही पांढरं आणि करडंच वापरता," लोरेन म्हणाली. "भांडलात का रंगांशी?"

पुढचा विषय होता 'क्षितिज', आणि या खेपेला एक काम काउंटीच्या हिवाळी प्रदर्शनात जाणार होतं. यतीननी ठरवलं, आता रंग. दोन्ही पिशव्यांत मनासारखं काही मिळेना. मशीनमागच्या कपाटात कापडाच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येक गुंडाळी सुतळीने बांधलेली. एक उघडली तर बाहेर जांभळं रेशीम, सोनेरी काठाचं, आणि आत एक जुनं, विटलेलं ब्लाउज. काखेत डाग, शिवणी दोनदा सैल केलेल्या. कोणीतरी टाकून दिलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं.

रेशमाचे बोटभर पट्टे कापून त्यांनी संध्याकाळचं आभाळ केलं. सोनेरी काठ मात्र अख्खा ठेवला आणि मधोमध आडवा लावला. विटलेलं ब्लाउज मऊ होतं, ते उसवून मधल्या थरात घातलं.

लायब्ररीत काम उघडलं तेव्हा बायका खुर्च्या पुढे सरकवून जवळ आल्या. मग सातपैकी सहा जणींनी एकच गोष्ट चोरायची म्हणून सांगितली: ती सोनेरी रेघ. प्रदर्शनासाठी यतीनचं काम निवडलं गेलं. त्यांनी गाडीत बसूनच त्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली. घरी पोचतात तोच मंडळातल्या दीपा सरदेसाईंचा फोन.

"यतीन, फोटो पाहिला. छान केलंयस. ती जर कुठली रे?"

"रेणूच्या चिंध्यांतली, दीपाताई."

"चिंध्या? माझ्या पैठणीचा ब्लाउजपीस आहे तो! आमच्या अनिकाच्या लग्नात नेसायची म्हणून जपून ठेवलेली पैठणी. त्याच्यासोबत माझं मापाचं ब्लाउज पण दिलेलं होतं."

यतीननी हातातली क्विल्टची पिशवी खाली ठेवली.

"ते तरी आहे ना?"

"आहे. आत आहे."

"आत म्हणजे कपाटात?"

"क्विल्टच्या आत."

मग दीपाताई म्हणाल्या, "अरे, तीस वर्षांत एकच ब्लाउज मला धड बसलं होतं. त्याच्यावरून बाकीची बेतायची. त्याची तू उशी केलीस?"

"मला वाटलं, जुनं झालंय म्हणून..."

"मापाचं जुनंच असतं, यतीन! बायको शिवते ना तुझी? लग्न पुढच्या महिन्यात आहे. मी काही बोलत नव्हते, कारण रेणू येईल म्हणून तू सांगत होतास. आता खरं सांग. येणार आहे का ती?"

"विचारतो," यतीन म्हणाले. हे उत्तर त्यांनी पूर्वी कधी दिलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी रेणूला फोन लावला तेव्हा पुण्यात सकाळ होती. मागे मशीन चालू असल्याचे आवाज येत होते आणि कोणीतरी "रेणूताई, हे बघा ना" म्हणत होतं. यतीननी झालं ते सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"काठ अख्खा आहे?"

"अख्खा."

"मग जमेल. धागा ओढू नकोस, प्रत्येक टाका मधे काप आणि मागच्या बाजूने काढ. जांभळं साधं रेशीम ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत मिळेल, काठ बाह्यांना लागला म्हणजे झालं. मापाचं तू सगळंच उसवलंस का?"

"हो."

"तुकडे जसेच्या तसे आहेत? मग त्यावरून कागदावर बेतता येईल. इकडून फोटोवर सांगते. शिवायला तिथे कोणीतरी शोधा."

यतीननी विचारलं, "तू येतेस का?"

मशीनचा आवाज थांबला. "सगळ्यांची कापडं परत दे," रेणू म्हणाली. "लोक थांबलेत. मी आधीच सांगायला हवं होतं."

काठ काढायला त्यांना अख्खा रविवार लागला. टाके त्यांनी स्वतःच बारीक घातले होते, ते कमी नव्हते. काठ सुटला तेव्हा क्विल्टचे दोन भाग झाले, वरचं आभाळ आणि खालची जमीन. मग मधला थर सोडवून त्यांनी दीपाताईंच्या ब्लाउजचे तुकडे इस्त्री करून एकावर एक ठेवले.

नंतर त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा खोडून चौथ्यांदा असं: 'रेणू आता पुण्यातच राहणार आहे. ज्यांची कापडं आमच्याकडे आहेत त्यांनी कृपया शनिवारी घेऊन जावीत. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.' या वेळी अंगठे आले नाहीत. बऱ्याच उशिराने कोणीतरी हात जोडले, मग बाकीच्यांनीही.

शनिवारी यतीननी चहा केला, चिवडा काढून ठेवला, गुंडाळ्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडल्या. सुतळीवर नावं नव्हती, पण एकीलाही शोधावं लागलं नाही. आली की नजर फिरवायची, "हे माझं," म्हणायचं, पर्समध्ये टाकायचं. चहाला थांबायला कोणाला वेळ नव्हता. कोणाची मराठी शाळा, कोणाची सॉकरची प्रॅक्टिस. एक-दोघींनी "काही लागलं तर सांगा हं" म्हटलं. काय लागेल ते त्यांना सुचलं नसावं, यतीननाही नाही.

दीपाताई शेवटी आल्या. काठ बोटांतून फिरवून त्यांनी टाक्यांच्या खुणा पाहिल्या. "वाफ दिली की बुजतील," त्या म्हणाल्या. मग क्विल्टच्या दोन भागांकडे नजर गेली. "आणि तुझ्या प्रदर्शनाचं?"

"काढून घेतलं नाव."

"मी लग्नानंतर काठ परत आणून देऊ का?"

"नको. बाह्यांवरच राहू दे."

त्यांनी उभ्याउभ्या अर्धा कप चहा घेतला आणि लग्नाला यायचं बजावून गेल्या. त्यांनी ठेवलेल्या पत्रिकेवर 'श्री. यतीन कारखानीस' असं एकट्याचं नाव होतं. शाई अजून बोटाला लागत होती, म्हणजे नाव आजच घातलं असावं.

लायब्ररीत लोरेनने फक्त विचारलं, "क्षितिज कुठे गेलं?"

"ज्यांचं होतं त्यांना दिलं."

"अवघड काम," ती म्हणाली आणि प्रदर्शनाला दुसऱ्या एका बाईंचं काम गेलं.

एक गुंडाळी उरली होती. मोरपंखी रंगाची, पोपटी काठाची. दीपाताई म्हणाल्या होत्या, ती रुहीची, मंडळातल्या एका तरुण मुलीची, जी नोकरीसाठी सांता क्लाराला गेली होती. यतीननी तिला फोटो पाठवून विचारलं, पोस्टाने पाठवू का. तिचा फोन आला, मागे गाडीचा आवाज.

"काका, प्लीज, नका पाठवू. ते माप आता मला बसणारच नाही. आणि साडी मी बहिणीला देऊन टाकली. टाकून द्या."

"टाकण्यापेक्षा... मी कापलं तर चालेल?"

"कापा की! त्यात विचारायचं काय?"

"विचारलेलं बरं," यतीन म्हणाले. रुही हसली आणि एक्झिट आली म्हणून तिने फोन ठेवला.

नवीन विषय जाहीर व्हायला अजून आठवडा होता. यतीननी बेसमेंटमध्ये जाऊन कापड मशीनच्या टेबलावर अंथरलं, हाताने सुरकुत्या काढल्या, उभा धागा कुठला ते पाहिलं आणि कात्री लावली.