तळाशी राखलेली जागा

नोऊ बंदरात जानेवारी-फेब्रुवारीत खेकड्यांची मासेमारी बंद असते. होड्या धक्क्याला बांधून माणसं दोर सांधत बसतात आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. त्या वर्षी तोकुजीला मात्र बसवत नव्हतं. दोर हातात घ्यायचा, टाकायचा आणि पुन्हा खिडकीशी जायचा.

"अहो, समुद्र कुठे पळून जातोय का?" त्याची बायको फुसाए म्हणाली. रस्त्याकडेच्या खेकडाबाजारात त्यांच्या होडीच्या नावाचा गाळा ती चालवत असे. "तुमच्या येरझाऱ्यांनी चटया झिजल्या."

समुद्र नव्हे, जागा जाणार होती. दूर, खोल तळाशी एक उंचवटा होता. मातीखाली बर्फासारखा गोठलेला वायू तिथून झिरपायचा, आणि त्या झिरपणीभोवती लाल खेकडे दाटीने राहायचे. एकदा पिंजऱ्यातून त्या बर्फाचं ढेकूळ वर आलं. तोकुजीच्या वडिलांनी काडी लावली, तर ते जळू लागलं! ही जागा वडिलांनी फक्त तोकुजीला सांगितली होती. नोऊमध्ये आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. जागा कुणाला कळू नये म्हणून तोकुजी पिंजऱ्यांच्या खुणेचे तरंगते बोये लांब सोडायचा आणि पिंजऱ्यांची ओळ तळाच्या उतारावरून उंचवट्यापर्यंत न्यायचा.

आता तो वायू जाळायला काढता येईल का, हे बघायला नेमकं तिथेच भोक पाडायचं संशोधकांचं घाटत होतं. मच्छीमार संस्थेत ठराव एकमतानेच होतो. एकाने हरकत घेतली तरी काम अडतं. पण हरकतीचं कारण सांगावं लागतं.

"बोललाच नाहीत तर?" फुसाएने विचारलं.

"खेकडे जातील. उतार घसरला तर पिंजरेही जातील."

"आणि बोललात तर?"

"मुराकोशी येईल."

मुराकोशी म्हणजे शेजारच्या होडीचा मालक, तोकुजीचा लहानपणापासूनचा सोबती आणि तितकाच जुना स्पर्धक.

सभेत संशोधक हिदाकाबाईंनी नकाशा पसरला. "इथे कोणी पिंजरे टाकतं का? असेल तर आम्ही दुसरीकडे बघू."

"तिथे?" मुराकोशी म्हणाला. "हजार मीटर खोल, तळ वेडावाकडा. दोर तोडून घ्यायला कोण वेडा जाईल?"

सगळे हसले. तोकुजीही हसला.

"मग हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि रिवाजाप्रमाणे टाळीसाठी त्यांनी हात पसरले. सगळ्यांनी मिळून टाळी वाजवली की ठराव पक्का. सगळे हात उचलले गेले. तोकुजीचे गुडघ्यांवरच राहिले.

"काय रे तोकु, हात गोठले का?" मुराकोशीने कोपर मारलं.

"तो वेडा मी आहे," तोकुजी म्हणाला. "वीस वर्षं तिथेच टाकतोय."

टाळी झालीच नाही. हिदाकाबाईंनी नकाशावरची खूण खोडली. मुराकोशी मात्र त्या खोडलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला.

मार्चमध्ये हंगाम उघडला. पहिल्याच पहाटे तोकुजीच्या मागोमाग मुराकोशीची होडी. तोकुजीने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. थोड्या वेळाने रेडिओ खरखरला.

"तोकु, रागावू नकोस. मी नाही आलो तर दुसरा कोणी येईल. तुझे बाबा पिंजरे कुठून सोडायचे रे?"

तोकुजीने माईक उचलला. पूर्वेकडून सोडू दे, अडकू देत त्याचे पिंजरे, असंही मनात येऊन गेलं.

"पूर्वेला खडक आहे," शेवटी तो म्हणाला. "पश्चिमेकडून सोड."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग रेडिओ बंद करून त्याने होडीचा वेग वाढवला. पश्चिमेच्या बाजूला आधी त्याला पोचायचं होतं.