दिवसा झोपायची खोली

“अहो काकू, लोक खोली उजळावी म्हणून रंग लावतात,” दुकानदार म्हणाला.

“मला नाही उजळायची. मुलगा कॉल सेंटरला रात्रपाळी करतो. सकाळी येऊन नुसता कूस बदलत पडतो.”

“मग नोकरी बदलायला सांगा. तेवढाच रंग वाचेल.”

काकूंनी ते ऐकलंच नाही. कोथरूडच्या त्या दुकानात मीही रात्रपाळी संपवून थेट आले होते, हॉस्टेलच्या खिडकीवर चादर ठोकायला खिळे घ्यायला. काकूंच्या हातात रंगांची दोन कार्डं होती, एक गर्द निळं, एक आमसुली. आमसुली म्हणजे काळपट जांभळा, हे मला कार्ड बघूनच कळलं.

त्यांनी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि त्या अंधारात आधी एक कार्ड पाहिलं, मग दुसरं. दुकानदार हसला. त्यांनी मुळीच घाई केली नाही.

मग त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या आयकार्डावर गेली.

“तूही रात्रीचीच का गं?”

मी मान हलवली.

“मग तूच सांग. ये.” त्यांनी पदराची कड उचलून धरली.

अनोळखी माणसांशी मी सहसा बोलतही नाही, पण वाकून आत शिरले. आत निळा अजून निळाच दिसत होता. आमसुली मात्र पार विझला होता.

“कशात डोळा लागेल?” त्यांनी हळूच विचारलं.

घरून फोन आला की मी रोज सांगायचे, झोप छान होते.

“आमसुली घ्या,” मी पदराआडूनच म्हणाले. “मलाही दिवसा झोप लागत नाही, काकू.”