मारबतीच्या हवाली केलेला भाऊ

आमच्या घरासमोर एक चाचा राहतात. जंगल खात्यातून रिटायर होऊन त्यांना बराच काळ झाला, पण अजूनही सकाळी उठून गल्लीत अशी चक्कर मारतात, जसा काही कोणी सागवान चोरून नेऊन राहिला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याशी आमचं गाव. गडावर महादेव आहे आणि दर्गाही आहे, आणि जत्रेला आलेला माणूस दोन्हीकडे माथा टेकूनच घरी जातो. चाचांचं दर गुरुवारी दर्ग्यात जाणं ठरलेलं. तरुणपणी तिथल्या एका बुजुर्गाकडून जे काही त्यांनी ऐकलं, ते आता आमच्या ओट्यावर बसून चहाच्या मोबदल्यात मला ऐकवतात. चहात साखर कमी पडली तर उपदेशही आखडता मिळतो.

मला उपदेशाची काय गरज, असं कोणी विचारेल. तर मी रागीट आहे. हे मी लाजून वगैरे सांगत नाही. दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे मला हाक मारायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघून घेतात. नवरा मात्र शांत. इतका शांत, की कधी कधी मला त्याच्या शांतपणाचाच राग येतो.

माझं माहेर तिरोड्याकडे, बोदलकशाच्या तलावाजवळ, म्हणजे जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. आमच्याकडे पोळा झाला की तिजेसाठी, म्हणजे हरतालिकेसाठी, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. बहीण कितीही म्हातारी झाली तरी भावाने यायचं, तिने थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग मुकाट्याने गाडीवर मागे बसायचं. अशाच एका तिजेला मी गेले, सोबत नवराही आला. माझा लहान भाऊ, मला मोठी म्हणून बाई म्हणतो तो, त्याला तलावावर मासे धरायला घेऊन गेला. माझ्या नवऱ्याने जन्मात मासा धरलेला नाही, ताटातला सोडून. त्याने जाळं फेकलं आणि जाळ्यासोबत स्वतःही गेला. वर आला तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं, आणि लुंगी तलावाच्या मधोमध आपल्या मर्जीने निघाली होती. अशा वेळी भावाने हात द्यायचा की नाही? त्याने मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि मागून ढोलकी लावलेली. ढोलकी!

नवरा स्वतः हसला. आल्यागेल्याला दाखवून दाखवून हसला. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन, बाकीच्यांचं काय काम? अंगणात उभी राहून मी भावाला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुया ह्या दारात पुन्हा पाय नाई ठेवणार. आन् मले घ्यायले येजो नोको!" ग्रुपमधूनही बाहेर पडले. तोही माझाच भाऊ, एकाच आईचा. पुढच्या तिजेला आला नाही. त्याच्या पुढच्या तिजेलाही आला नाही.

त्या दिवसांत गल्लीतल्या बायकांचे भाऊ यायचे. कोणी मोटारसायकलवर, कोणी बसने, एकीचा तर ट्रॅक्टर घेऊन आला. मी अंगणात भांडी घासत बसायचे. तेच ते एक पातेलं. फाटक वाजलं की मान वर व्हायची, आणि फाटकात चाचांची बकरी उभी असायची. त्या बकरीला मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या भावालाही दिल्या नसतील. मला तो पाहिजे होता, बस. पण हे बोलून कोण दाखवणार?

चाचांना सगळं दिसत होतं. एकदा म्हणाले, "बेटी, गुस्सा आला का जांभळाची बी तोंडात ठेवाची. बी हाय तवरी बोलाचं नाई. हमारे बुजुर्ग यही करते थे." म्हटलं, करून पाहू. बी ठेवली आणि तेवढ्यात भाजीवाल्याने किडकी वांगी तराजूत टाकली. आता मी गप्प बसू? बी गालात सरकवून त्याला जे काही बोलले, त्यातलं अक्षर त्याला समजलं नाही. तो घाबरून माझ्या नवऱ्याकडे पळाला, भाभीचं तोंड वाकडं झालं म्हणे, लवकर गोंदियाला न्या. नवऱ्याने गाडी काढली. मी हातवारे करून राहिली, तो मला आत ढकलून राहिला, आणि चाचा ओट्यावरून ओरडून राहिले, "बोलू नोको, बी हाय अजून!" शेवटी बी गिळूनच टाकली आणि मग तिघांनाही एकदम धरलं.

दुसरा धडा बकरीचा. ती रोज दावं सोडवून माझ्या वाफ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, खायची. मी म्हणायचे, चाचा, हिला नीट बांधत जा. चाचा म्हणायचे, "रोजच बांधतो. रोजच सुटते. उद्या बी बांधीन. आपल्या आतली नफ्स अशीच असते, बेटी." नफ्स म्हणजे आपल्यातला हावरा, तापट, सगळं मलाच पाहिजे म्हणणारा 'मी', हे त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. तोपर्यंत अर्धा वाफा साफ झाला होता.

"मग तुमची नफ्स माया सांबार काऊन खाते?" मी विचारलं. चाचा इतके हसले, की त्यांना ठसका लागून मलाच पाणी आणावं लागलं.

मग एका गुरुवारी ते मला दर्ग्यात घेऊन गेले. म्हणाले, ज्याच्यावर राग आहे, त्याच्यासाठी आधी माग, मग स्वतःसाठी. मी डोळे मिटून मोठ्याने म्हटलं, "माया भावाले थोडी अक्कल दे."

"ही दुआ नोहे, तक्रार होय," चाचा म्हणाले. "फिरून माग."

"त्याच्या तलावात भरपूर मासे होऊ दे."

"शाबास."

"आन् एखादा काटा त्याच्या घशात अडकू दे."

चाचांनी कपाळाला हात लावला. तिथे झाडू मारणाऱ्या बाईने मात्र तोंडाला पदर लावला आणि ती पाठ फिरवून हलत राहिली.

अशात तिसरा पोळा आला. संध्याकाळी बैल पुजून झाले, आणि चाचा दारातूनच म्हणाले, "उद्या मारबत हाय. काय काढतं ते नीट पाहून काढ, बेटी." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटून, आरडाओरडा करत गावातली पीडा शिवेबाहेर नेऊन टाकतात. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी "घेऊन जा गे मारबत!" करायचं. खोकला, खरूज, धानावरचे तुडतुडे हे तर ठरलेलेच, पण आता लोक वाटेल ते काढतात. लाइट जाणं काढतात, मोबाइलची रेंज जाणं काढतात. आणि नियम कडक आहे. ज्याचं नाव घेऊन काढलं, त्याला त्या दिवशी परत शिवेत घ्यायचं नाही. मागच्या साली एकाने सासऱ्याचं घोरणं काढलं, तर बिचाऱ्या म्हाताऱ्याला लोकांनी दिवसभर डुलकीसुद्धा घेऊ दिली नाही.

मी ठरवलं होतं. आपला राग काढायचा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. चाचा माझ्या बाजूने चालत होते, हातात बकरीचं दावं, कारण ती घरी ठेवली असती तर वाफ्यात गेली असती. नाल्यावरच्या पुलाशी आमची शीव संपते. पूल दिसला तसा मी दम घेतला, तोंड उघडलं, आणि मागून कोणीतरी टवाळखोर ओरडला, "तलावातली लुंगी घेऊन जा गे मारबत!"

म्हणजे तो व्हिडिओ इथपर्यंत पोचला होता! सगळे हसले. माझा नवरा सगळ्यांत जास्त हसला. माझं डोकं असं फिरलं, की राग काढायचा राहिला बाजूला आणि मी बोंबलले, "माया भाऊ घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" सगळं गाव सवयीने ओरडलं.

आणि पुलाच्या पलीकडे एक मोटारसायकल थांबली होती. त्यावर माझा भाऊ. रेनकोट घातलेला, तोंडावर रस्त्याचा चिखल, हँडलला थैली, थैलीतून दोन मोठ्या माशांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. अंधार असतानाच निघाला असणार तो, एवढ्या दुरून.

भावाने एकदा पळसाच्या फांद्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाई," तो म्हणाला, "मी रोगराई होय का वो?"

मी तोंड उघडलं पण आवाज निघेना. जिचं तोंड कधी बंद होत नाही, तिची नेमकी तेव्हाच दातखीळ बसावी! तो गाडी वळवायला लागला. मी हाताने ये, ये केलं, तर आमच्या गल्लीतले एक जाणते आजोबा दोन्ही हात पसरून पुलावर आडवे. "नाई, नाई. नाव घेतलं ना? आज आत घेता येत नाई. साल खराब जाते." त्यावर एक म्हणाला, भाऊ नाही तर नाही, मासे तरी घ्या, माशांचं नाव कुठे घेतलं? मग माशांवर बैठक बसली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण-मासे शिजतात, त्यामुळे माशांच्या बाजूने बरेच जण होते. शेवटी मासे निर्दोष ठरले. माझ्या नवऱ्याने पुलावर जाऊन थैली घेतली, आणि मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. भावाने मान हलवली. पण गाडी वळवलीच. आता गेला तर हा जन्मात पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं.

चाचा माझ्या कानाशी आले. "त्याले आत येता येत नाई," ते म्हणाले. "तुले भायेर जाता येते ना? तुयं नाव घेतलं का कोनं?"

मी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"माया भाऊ बालाघाटले होता," चाचा हळू म्हणाले. उपदेश करतानाचा आवाज नव्हता तो. "मी म्हणो, तो येईन. तो म्हणे, मी येईन. दोघंबी आपापल्या दारात बसलो. मंग एक दिवस त्याच्या पोराचा फोन आला. मट्टीले ये म्हणे." त्यांनी दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "जा बेटी. चप्पल नसन तर नसन."

मी पळाले. अनवाणी, घरातल्या जुन्या लुगड्यात, केस न विंचरलेले. मागे बकरी सुटली आणि तीही माझ्यामागे पळाली, तिच्यामागे चाचा, त्यांच्यामागे नियमवाले आजोबा, बकरीचं नाव कोणी घेतलं का म्हणून विचारत. भावाने गाडी सुरू केली होती. मी धावत जाऊन मागे बसले.

"उतर," तो म्हणाला.

"नाई उतरत."

"मी रोगराई हाय."

"हाय तर हाय. चाल."

तिरोड्याचा रस्ता लांब. एका ठिकाणी त्याने न विचारता गाडी थांबवली, मला चप्पल घेतली आणि पुन्हा निघाला. मी मागून त्याच्या रेनकोटची कड धरून बसले होते, लहानपणी तो माझा फ्रॉक धरून चालायचा तशी.

घर आलं. अंगणात गाडी लागली आणि मला आठवलं. ह्या दारात पाय ठेवणार नाही, हे मी इथेच उभी राहून म्हटलं होतं, अख्ख्या मोहल्ल्याने ऐकलं होतं. आता तिकडे तो आत येऊ शकत नव्हता, इकडे मी. मी तुळशीपाशी थांबले. भाऊ गाडी लावून आला आणि दाराकडे न जाता घराच्या बाजूला वळला. "इकडून ये," म्हणाला.

बाजूच्या भिंतीत एक दार होतं. माझ्या माहेरच्या त्या भिंतीत कधी दार नव्हतं. चौकट नवी, विटा मात्र वेड्यावाकड्या, म्हणजे त्यानेच बसवलेल्या. मी बघत राहिले.

"त्या दाराचं तू बोलली होती," तो पायाने माती उकरत म्हणाला. "ह्या दाराचं नाई."

"कवा केलं?"

"तू गेली त्याच साली. पुढच्या तिजेच्या आधी." मग चौकटीवरून हात फिरवत म्हणाला, "सांगाची हिंमत नाई झाली."

आतून वहिनी ओरडली, "दोन साल झाले, बाई! ह्या दारातून नुसत्या कोंबड्याच येऊन राहिल्या!"

मला रडू आलं. चांगलं हुंदका देऊन आलं. डोळ्यांना पदर लावून मी आत पाऊल टाकलं, आणि वरची चौकट खाडकन माझ्या कपाळावर बसली.

"कोणत्या गाढवानं एवढं बुटकं दार केलं रे!" मी अशी ओरडले, की शेजारची माणसं बाहेर आली.

भाऊ तिथेच खाली बसला, दोन्ही हातांत तोंड धरून, आणि हसता हसता रडायला लागला. "आली," तो आत वहिनीला म्हणाला. "आली वो, माई बाई आली."