कड्यावरून न दिसलेला देवमासा

मुलांनो, तुमचं पत्र पोचलं. तिकडच्या समुद्रकड्यावरून देवमासा पाहिलात आणि विचारलंत, आजी, तूही पाहिला होतास ना? घरात सगळ्यांना तसंच माहीत आहे. आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. अक्षरं दिसताहेत तोवर खरं काय ते लिहून ठेवते.

माझी आई कोकणातली, लग्न होऊन अकोल्याला आली. माहेरच्या कड्यावरून लहानपणी तिला देवमासा दिसला होता. तो पुन्हा एकदा पाहायचा, एवढीच तिची इच्छा. पण ती कापसाच्या तेजीची वर्षं. देवमासे यायचे थंडीत, आणि थंडीत अकोट-दर्यापूरकडची एकूण एक बैलगाडी, आमच्याही, कापसाला जुंपलेली. वडील दरवर्षी म्हणत, हा हंगाम सरू दे. आत्या टोमणा मारायची, "वहिनी, पाणी पाहाले इतक्या दूर कावून जाता? आपल्या विहिरीत काय कमी हाय?" आई हसायची. तेजी ओसरली, गाड्या रिकाम्या झाल्या, तोवर आईला दिसेनासं झालं होतं.

तरी आम्ही गेलो. मी दहा वर्षांची. मामाच्या घरामागच्या कड्यावर रोज सकाळी मी तिला हात धरून नेई आणि दिसेल ते सांगे. समुद्रगरुड मासा घेऊन घरट्याकडे गेला, डॉल्फिनच्या तीन पाठी वर आल्या, खडकावरचा फेस पिंजलेल्या कापसासारखा आहे. ती प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घ्यायची. देवमासा काही येईना. निघायच्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, आला. पाण्याचा फवारा उडतोय, केवढा उंच."

तिने मान कलती केली. मग म्हणाली, "त्याचा श्वास इथवर ऐकू येतो गो."

निघताना मामाने किनाऱ्यावर सापडलेला देवमाशाचा मणका आमच्या सामानात ठेवला. घरी आल्यावर आत्याला आईनेच सांगितलं, "हिने पाहिला." पुढची थंडी तिला लाभली नाही, आणि तिचं ते बोलणं खोडून काढायला मी कधी धजले नाही.

मी देवमासा पाहिलेला नाही. मणका अजून आहे. अकोल्याच्या घरी आम्ही पाण्याचा माठ त्याच्यावरच ठेवतो.